उशिरा येणाऱ्या पेशी

कागदावर लिहिलं होतं, 'घरी ओल'. दोनच शब्द, निळ्या शाईत, डॉक्टरांचं अक्षर असूनही स्वच्छ वाचता येतील असे. त्यांच्या आधी 'दमा, जुना' होतं आणि नंतर 'वडिलांनाही त्रास होता, राहणे चाळीत'. खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ आणि रेघेखाली छापलेलं नाव, नम्रता कोंडीराम गमरे. संस्थेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. अजित प्रधान एका हाताने पेन तिच्यापुढे धरून दुसऱ्या हाताने मोबाईल बघत होते. नम्रताने पेन घेतलं. टोपण काढलं. आणि मग तिचा हात, चौदा वर्षांत या इमारतीतल्या शेकडो कागदांवर न वाचता सही केलेला हात, थांबला.

"सर, तुम्ही आमच्या घरी आला होता का कधी?"

"अं?" त्यांनी मोबाईलवरून मान वर केली.

"नाही, ओल कशी कळली तुम्हाला?"

"अहो, तुमच्याकडे असतेच ना. जुन्या चाळी, बंद खोल्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? करा सही, बाहेर चार जण थांबलेत."

तुमच्याकडे. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. शाळेत असताना दादरच्या एका मैत्रिणीच्या घरी ती अभ्यासाला जायची, तेव्हा मैत्रिणीची आई फार प्रेमाने विचारायची, तुमच्याकडे दिवाळीला काय करतात गं, तुमच्याकडे भाजीत गूळ घालतात का. बाईंच्या आवाजात कधीच काही वाईट नव्हतं. तरी घरी परतताना परळच्या पुलावर नम्रताला वाटायचं की आपल्याला कुणीतरी बोटाने हलकेच मागे सरकवलं आहे, इतकं हलकेच की तक्रार करावी तर आपणच वेडे ठरू. आताही तसंच वाटलं. फरक एवढाच, की तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि आता अडतीस. तिने टोपण पेनाला परत लावलं आणि कागदाची घडी घातली.

"मी वाचून देते, सर."

"वाचायचं काय आहे त्यात? पुढच्या महिन्यात फाइल वर जाणार. कायम जागेच्या मुलाखतीला मेडिकल लागतं, माहितेय ना?"

"माहितेय," ती म्हणाली आणि घडी घातलेला कागद पर्समध्ये टाकून बाहेर आली. बाहेरच्या बाकावर खरंच चार जण बसलेले होते. जिना ती दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली. भीतीने नाही. राग आला की ती अशी धावते हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

'जुना' या शब्दाचा अर्थ तिला लागत होता. दमा जुना म्हणजे तो ती घरून घेऊन आली. घरून घेऊन आली म्हणजे संस्थेचा संबंध नाही. आणि दमेकरी बाईला प्राणिगृहात ठेवता येत नाही म्हणजे अकरा-अकरा महिन्यांची जी नेमणूक चौदा वर्षं पुढे सरकत आली होती, ती या वेळी सरकणार नाही. सगळं किती रीतसर होतं. कुणी तिच्यावर अन्याय करत नव्हतं. तिच्या घरातल्या भिंतीच तिला काढून टाकत होत्या.

संस्था परळला होती आणि तिथे दम्यावरच काम चालायचं. दम्याचा माणूस तिथे कुणी येत नसे, दम्याचे उंदीर असत. पांढरे, लाल डोळ्यांचे, तळहातावर घेतले तर धडधडणारे. घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांचा अर्क या उंदरांच्या नाकात थेंब-थेंब सोडायचा आणि तीन आठवड्यांनी त्यांची फुप्फुसं धुऊन त्या पाण्यातल्या पेशी मोजायच्या. हे मोजण्याचं काम नम्रताचं. सूक्ष्मदर्शकाखाली तिने जेवढ्या पेशी पाहिल्या असतील तेवढी माणसंही पाहिली नसतील. बीएस्सी होऊन आली तेव्हा तिला वाटायचं की रोग म्हणजे काहीतरी बाहेरून येतं आणि शरीर त्याच्याशी लढतं. इथे उलटंच निघालं. धुळीत काहीच वाईट नसतं. श्वासनळीच्या अस्तराखाली पहाऱ्याला बसलेल्या काही पेशी तिचा कण उचलतात आणि जवळच्या गाठीत नेऊन टी पेशींना दाखवतात. तिथे काय ठरतं, का ठरतं, ते अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही. पण काही शरीरांत असं ठरतं की ही धूळ म्हणजे जंत आहे आणि तिला जंतासारखंच हाकलायचं. मग आयजीई नावाचं प्रतिपिंड तयार होतं, मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन बसतं, आणि त्या पेशी वाट बघत राहतात. पुढच्या वेळी तोच कण आला की काही मिनिटांत त्या पोटातलं सगळं ओततात आणि नळी आवळते. हे तासाभरात ओसरतं. खरं नुकसान नंतरचं. टी पेशींचे निरोप गेलेले असतात. रक्तातून इओसिनोफिल निघतात, नळीच्या भिंतीत शिरतात, आणि जंत मारण्यासाठी निसर्गाने त्यांच्यात भरून ठेवलेलं विष आपल्याच अस्तरावर रिकामं करतात. अस्तर सोलवटतं, सुजतं, चिकट कफाने भरतं. रंग दिला की हे इओसिनोफिल फार सुंदर दिसतात, दोन पाकळ्यांचं निळं केंद्र आणि भोवती नारिंगी दाणेच दाणे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिला डाळिंब आठवलं होतं.

तिचा स्वतःचा त्रास दोन वर्षांपूर्वी सुरू झाला. आधी डोळे चुरचुरले, मग पिंजरे बदलताना शिंका यायला लागल्या, मग दोन्ही मनगटांवर लाल गांधी. शिंका सगळ्यांनाच येतात, दत्तूमामा म्हणाले होते. दत्तू कोळी बावीस वर्षं प्राणिगृहात होते. शीव कोळीवाड्यातून यायचे, नाकाला रुमाल बांधून पिंजरे धुवायचे. पिंजरे बदलायच्या खोलीतला हवा ओढून घेणारा पंखा अडीच वर्षं बंद होता. नम्रताने नोंदवहीत तीनदा लिहिलं होतं, पंखा बंद, भुसा उडतो, दुरुस्ती व्हावी. तिन्ही नोंदींखाली कुणीतरी 'पाहिले' असं लिहून आद्याक्षरं केली होती. सकाळी अकरा ते एक ती त्या खोलीत असायची. पण छाती भरायची ती संध्याकाळी. घरी पोचून, हातपाय धुऊन, चहा घेऊन बसली की साडेसहा-सातला आतून कुणी दोरी आवळत न्यावी तसं व्हायचं, शिट्टी वाजायची, आणि आई पंप शोधत खोलीभर फिरायची. म्हणूनच तर प्रधानांनी विचारलं होतं, त्रास कुठे होतो? आणि तिने खरं ते सांगितलं होतं. घरी.

घरी आई, कांताबाई, भाकऱ्या करत होती. लोअर परळच्या त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरची ती खोली सकाळ-संध्याकाळ पुसली जायची. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखालची फळी तर तीनदा. समोर पूर्वी गिरणीची चिमणी दिसायची, आता काचेची बत्तीस मजल्यांची इमारत दिसते आणि दुपारी चारनंतर तिच्या काचांवरून परतलेलं ऊन थेट घरात येतं. नम्रताने कागद वाचून दाखवला. कांताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, उतरवली, गॅस बंद केला आणि मगच मान वळवली.

"काय ल्हिलंय म्हनालीस?"

"घरी ओल."

"माझ्या घरात?" त्या उठल्या. पदराला हात पुसत त्यांनी एकेका भिंतीवर तळवा दाबला, मोरीच्या भिंतीवरसुद्धा. "हात लाव. लाव म्हनते ना! कुठं हाय ओल? बोलव त्या डाक्टरला. त्याच्या पांढऱ्या कपड्यानं पुसून दावते फरशी, आन् मग बघू कुनाचं काय काळं व्हतंय!"

नम्रताला हसू आलं आणि हसताना खोकला आला. खोकला थांबेना. घड्याळात पावणेसात झाले होते. आई पंप घेऊन आली, तिने दोनदा ओढला, आणि भिंतीला टेकून बसली. कोरडी, ऊन खाल्लेली, कोमट भिंत. टेकलेल्या पाठीला ती कोमट जाणवत होती. आणि तिथे बसल्या-बसल्या, श्वास अजून अर्धवटच मोकळा झालेला असताना, तिला तिचा बाप आठवला. आठवला म्हणजे रोज आठवतो तसा नाही. त्याची छाती आठवली.

कोंडीराम गमरे ब्लो-रूममध्ये होता. गिरणीतलं ते पहिलं खातं, जिथे गासड्या फोडतात आणि कापूस झोडून साफ करतात. घरी यायचा तेव्हा भुवयांत कापूस अडकलेला असायचा आणि ती मांडीवर बसून तो वेचायची. बाबाची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी धरायची. इतर दिवशी कमी. त्यामुळे मुकादम हसायचा, काय कोंड्या, रविवारी किती ढोसलीस? बाबा दारूला शिवत नव्हता, विडीलाही नाही. धम्मदीक्षेच्या दिवशी त्याच्या बापाने सोडली ती घरातून कायमची गेली होती. तरी गिरणीच्या डॉक्टरने त्याच्या कार्डावर लिहिलं, 'विडी'. बाबाने त्याखाली सही केली. इंग्रजी अक्षर होतं, त्याला वाचता आलं नाही. चाळीतल्या कुणीतरी नंतर वाचून दाखवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, जाऊ दे. ती बारा वर्षांची असताना तो गेला. कापसाच्या धुळीने छाती सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी धरते, त्या आजाराची ती खूणच आहे, हे नम्रताने पुढे एका पाठ्यपुस्तकात वाचलं, आणि ग्रंथालयात इतकी ताडकन उभी राहिली की खुर्ची पडली. त्याच्या आजाराने स्वतःची वेळ ओरडून सांगितली होती. कुणी विचारलं नव्हतं.

वेळ. तिने डोळे उघडले. अकरा ते एक. साडेसहा ते सात. ती बोटांवर मोजायला लागली, लहान मुलासारखी, ओठ हलवत. सहा तास. प्रयोगात शेवटच्या थेंबानंतर उंदरांची फुप्फुसं लगेच काढत नाहीत. का काढत नाहीत? विभागाच्या कौसल्या मॅडमनी पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. "लगेच बघशील तर काही दिसणार नाही, नम्रता. या पेशी उशिरा येतात. धूळ केव्हाची निघून गेलेली असते, तेव्हा या पोचतात." चौदा वर्षं ती हे वाक्य नव्या विद्यार्थ्यांना सांगत आली होती. आणि स्वतःच्या छातीत ते घडत असताना तिला दिसलं नव्हतं, कारण छाती तिची होती, उंदराची नव्हती. काम संपवून ती पूल उतरत असते तेव्हा त्या वाटेत असतात. ती कुलूप उघडते, चप्पल काढते, आई चहा टाकते, आणि त्या येऊन पोचतात. घराचा गुन्हा एवढाच, की त्या वेळी ती घरी असते.

"आई," ती म्हणाली, "ओल नाहीये आपल्या घरात."

"मग मी काय सांगते मघापासनं!"

दुसऱ्या दिवशी ती कौसल्या मॅडमच्या खोलीत गेली. डॉ. कौसल्या नाबर विभागप्रमुख होत्या. साठीला आलेल्या, हुशार, कमी बोलणाऱ्या, आणि नम्रताला त्यांच्याबद्दल खराखुरा आदर होता. म्हणूनच पुढचं ऐकायला जड गेलं. मॅडमनी दार लावून घेतलं, कागद वाचला, चष्मा काढला.

"तू म्हणतेस ते अशक्य नाही," त्या म्हणाल्या. "पण हे लेखी गेलं की तपासणी येईल. प्राणिगृह बंद करतील. दोन वर्षांचा प्रयोग शेवटच्या टप्प्यात आहे, तुला माहीत आहे. तू असं कर, याच्यावर सही कर. मी तुला वर घेते. फक्त सूक्ष्मदर्शक, उंदरांशी संबंध नाही. प्रधानांशी मी बोलते, तुझी मुलाखत थांबणार नाही. तुझी तब्येतही सांभाळली जाईल. सगळ्यांचंच होईल."

खिडकीबाहेर कुठेतरी ड्रिलिंग चाललं होतं. नम्रताने खरोखर विचार केला. हे तिला स्वतःशी नंतरही कबूल करावं लागलं. वरची खोली वातानुकूलित होती. तिथे कापडी पडदे होते. पाच सेकंद, दहा सेकंद, ती त्या खोलीत जाऊन बसलीसुद्धा, डोळा नेत्रभिंगाला लावला, संध्याकाळी मोकळ्या छातीने पूल उतरली. मग तिला वाटलं की आपल्या जागी खाली कोण येईल? कुणीतरी नवी मुलगी, वसई-विरारहून येणारी, बंद पंख्याखाली पिंजरे बदलणारी, आणि दोन वर्षांनी तिच्याही कागदावर तिच्या घराबद्दल काहीतरी लिहिलेलं असेल.

"मॅडम, मी वर येईन. पण यावर सही नाही करणार."

"हट्ट आहे हा."

"हो," नम्रता म्हणाली. "पंधरा दिवसांची रजा हवी होती."

रजेच्या आधीचे दहा कामाचे दिवस तिने स्वतःला उंदरासारखं मोजलं. पीक फ्लो मीटर म्हणजे फुंकर मोजायची प्लॅस्टिकची नळी, काटा सरकतो तेवढा छातीचा जोर. उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी सातला आणि झोपताना, प्रत्येक वेळी तीन फुंकरा, त्यातली सर्वांत मोठी वहीत. पंपही रोज तेवढाच, कमी-जास्त नाही, नाहीतर उद्या प्रधान म्हणतील औषधाने फरक पडला. कामाच्या दिवसांत सकाळी तीनशे साठ असायचा, संध्याकाळी दोनशे ऐंशीच्या खाली उतरायचा. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीला ती वही घेऊन पालिकेच्या रुग्णालयातल्या छातीच्या ओपीडीत गेली. तिथे ओवी नावाची निवासी डॉक्टर होती, झोप न झालेल्या डोळ्यांची, पंचविशी उलटलेली. तिने वही चाळली आणि खुर्ची पुढे ओढली.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"उंदरांनी," नम्रता म्हणाली. ओवी हसली, मग वहीकडे बघून हसायची थांबली.

मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढून घेतला. रक्त घेतलं. पेशी आपण मोजणार नाही, असं नम्रतानेच सांगितलं. मोजणाऱ्याला नमुना कुणाचा हे कळता कामा नये. ओवीने नमुन्यावर नुसता आकडा टाकला. पण मोजून झाल्यावर काचपट्टी बघायला तिने नम्रताला बोलावलं. नम्रताने भिंग फिरवलं. नारिंगी दाणे. एक, दोन, पाच, एका घोळक्यात नऊ. काही फुटलेले, दाणे विखुरलेले, रिकामी झालेली केंद्रं. शंभरात एकोणीस, ओवी मागून सांगत होती, तीनच्या वर गेले तरी आम्ही दाह म्हणतो. नम्रता ऐकत होती आणि ऐकत नव्हती. इतकी वर्षं ज्यांना डाळिंबाचे दाणे म्हटलं ते आता तिचे होते. तिच्या रक्तातून, तिने खाल्लेल्या भाकरीतून बनलेले. तिला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. तिच्यासाठीच धावत आले होते बिचारे, चुकीच्या बातमीवर. राग त्यांचा करायचा नव्हता. अडीच वर्षं बंद असलेल्या पंख्याचा करायचा होता.

मग पंधरा दिवस ती घरी बसली. त्याच घरात. गावी नाही, मावशीकडे नाही, दुपारी समोरच्या मॉलच्या गारव्यातही नाही. आईला तिने सांगितलं होतं की घर नेहमीसारखंच ठेव, जास्त पुसू नकोस. कांताबाईंना हे फार जड गेलं. पहिले दोन दिवस काटा तीनशेवर रेंगाळला. रिकाम्या वेळात नम्रताला शंका खायला लागली. आणि खरंच घर असेल तर? खाटेखालच्या ट्रंका, जुन्या गोधड्या, बाबाचा कोट. चौथ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तिने फुंकर मारली आणि काटा तीनशे चाळीसवर गेला. आठव्या दिवशी तीनशे नव्वद. सात वाजून गेले, साडेसात झाले, आठ झाले, आणि काहीच झालं नाही. ती गॅलरीत उभी होती, खालून कुणीतरी कढीपत्त्याची फोडणी दिली होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला संध्याकाळचा वास आला. चौदाव्या दिवशी चारशे वीस. कांताबाईंनी वही हातात घेतली, आकडे त्यांना वाचता येत होते. त्या शेजारच्या दुर्गाबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "माझं घर पास झालं!"

दुसऱ्यांदा वाफ घेतली तेव्हा बेडका निघता निघेना. शंभरात दोन. रक्ताचा अहवाल दुसऱ्या प्रयोगशाळेतून आला, त्यात उंदराविरुद्धचं आयजीई भरपूर. पण खाली अजून एक ओळ होती, घरातल्या धुळीच्या किड्यांविरुद्ध, थोडं. ती ओळ नम्रताने पुन्हा-पुन्हा वाचली. ती झाकून ठेवता आली असती. अहवालाचं दुसरं पान जोडलं नसतं तरी चाललं असतं. तिने दोन्ही पानं जोडली.

संचालकांच्या खोलीत चौघं होते. संचालक, प्रधान, कौसल्या मॅडम आणि ती. प्रधानांनी दुसरं पान आधी उलटलं, ते तसंच करणार हे तिला माहीत होतं.

"हे बघा ना. धुळीचे किडे, पॉझिटिव्ह. म्हणजे घरचं कारण आहेच. मी काय चुकीचं लिहिलं?"

"थोडं आहे, सर. अर्ध्या मुंबईचं येईल," नम्रता म्हणाली. आवाज चढला नाही याचं तिलाच नवल वाटलं. "पण ते किडे पंधरा दिवस माझ्यासोबत घरातच होते. मी त्यांच्यातच झोपत होते. आणि मी बरी झाले."

प्रधानांनी पान परत उलटलं.

"त्रास घरी होतो, असं तुम्हीच सांगितलं होतं," प्रधान म्हणाले.

"त्रास कुठे होतो ते तुम्ही विचारलंत. किती वाजता होतो ते विचारलं नाहीत. दुपारी एकपर्यंत मी प्राणिगृहात असते. सातला छाती भरते. मध्ये सहा तास आहेत." तिने मॅडमकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती विनंती झाली असती.

संचालकांनी बघितलं. "मॅडम? सहा तासांनी होऊ शकतं असं?"

कौसल्या मॅडमच्या हातात चष्मा होता. त्यांनी काचा साडीच्या टोकाने पुसल्या, एक, मग दुसरी. दोन वर्षांचा प्रयोग, नम्रताला वाटलं, त्या दोन वर्षांचा विचार करताहेत. ते पिंजरे तिनेही बदलले होते, ती दोन वर्षं तिचीही होती.

"होतं," मॅडम म्हणाल्या. "चार ते आठ तास. पेशी उशिरा येतात." आणि थांबून, "हे तिला मीच शिकवलंय."

कागद बदलला. 'आजार कामाशी संबंधित' असं टंकलेखन करून आला. प्राणिगृह दोन महिने बंद झालं. पंखा दुरुस्त झाला, झाकणाचे नवे पिंजरे आले, मुखपट्ट्या आल्या. प्रयोग अर्ध्यात तुटला. कायम जागेची मुलाखत झाली आणि तिची निवड झाली नाही. कारण कुणी लेखी दिलं नाही. अकरा महिन्यांची नेमणूक मात्र पुन्हा निघाली, वरच्या खोलीत. मॅडम तिच्याशी कामापुरतं बोलायच्या. दमा गेला नाही. एकदा शिकलेलं शरीर विसरत नाही; खालून आलेल्या कुणाच्या कोटाचा वारा लागला तरी तिला खोकला यायचा आणि पंप पर्समध्ये ठेवावाच लागायचा. पण ती कुणाच्या उपकारात नव्हती. डबा खाताना, जिना चढताना, प्रधानांना समोरून येताना बघून मान खाली न घालताना, ते तिला जाणवायचं. कधीकधी तर नुसत्या त्या जाणवण्यासाठी ती मुद्दाम वैद्यकीय खोलीवरून जायची.

प्राणिगृह उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी दत्तूमामा वर आले. ते या खोलीत कधीच आले नव्हते. दारात चपला काढायला लागले तेव्हा ती म्हणाली, राहू द्या मामा, या. तिने तपासणीच्या वेळी त्यांना विचारलं होतं, तुम्हीही सांगा, आणि त्यांनी हात जोडले होते. नोकरीची चार वर्षं राहिली बाय, मला मध्ये घेऊ नको. आता ते स्टुलावर बसले, हातातला रुमाल उलगडत, पुन्हा घडी घालत.

"दोन महिने झाले," ते म्हणाले. "खोकलो नाय."

"संध्याकाळी यायचा खोकला?"

"सात-आठ वर्षं. दिवेलागणीला." ते खाली बघत म्हणाले. "पोरं बोलली, सुकटीच्या वासानं होतं. तुळसा, माझी बायको, तिनं बोंबील वाळवायचं बंद केलं. कोळणीनं! आमच्या घरात सुकट नाय, बाय, लोकं हसतात. आता मे महिन्यात म्हटलं घाल, बघू काय होतंय ते. अख्खी गच्ची भरलीय बोंबलांनी. मी तिथंच खाट टाकून बसतो रोज. काय नाय झालं." त्यांनी रुमाल खिशात कोंबला. "मला अर्ज करायचाय."

तिने कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहून देते, ती म्हणणार होती, पण त्यांनी आधीच पेन उचललं होतं. ते सावकाश लिहीत होते, प्रत्येक शब्द आधी ओठांवर फिरवून. माननीय संचालक यांस. मधेच थांबून त्यांनी मान वर केली.

"उंदीरमधला दी ऱ्हस्व की दीर्घ?"

"दीर्घ," नम्रता म्हणाली. "चांगला मोठा काढा, मामा."